खाडीतली तिसरी हाक

एकदाच सांगून टाकते, इथे बीच नाही. पाम बीच नावाचा रस्ता आहे, सीवूड्स नावाचं स्टेशन आहे, पण बीच नाही. वाळू नाही, लाटा नाहीत, घोडागाडी नाही. खाडी आहे. ओहोटीला लांबच लांब चिखल, भरतीला मातकट पाणी, आणि कडेने तिवरांची खारफुटी. थंडी पडली की रोज दहा फोन येतात, ‘मॅडम, बीचवर पार्किंग आहे का?’ मी म्हणते, पार्किंग आहे, बीच नाही, फ्लेमिंगो आहेत. यायचं असेल तर सकाळी साडेसहाला या, ओहोटी तुमच्या नाश्त्यासाठी थांबत नाही. माझा नवरा म्हणतो, सुचिता, अशा तोंडाने धंदा होतो का? होतो. शनिवार-रविवारी होडीत पाय ठेवायला जागा नसते.

होडी माझी नाही, काकाची. धर्मराज तांडेल, माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. मी फक्त फोन घेते, बुकिंग लिहिते आणि मोबाइलवरचं आमचं पेज सांभाळते. बाकी सगळं काका. होडी धुणं, लाइफ जॅकेटं मोजून देणं, सेल्फीसाठी उभ्या राहणाऱ्यांना दरडावून खाली बसवणं, आणि पक्षी दाखवणं. पक्ष्यांची इंग्रजी नावं त्याला तोंडपाठ आहेत. फ्लेमिंगोला मात्र तो अजून ‘लांबटांगे’ म्हणतो.

काकाचा जन्म बेलापूरच्या खाडीकाठी, आमच्या कोळीवाड्यातच झाला. तेव्हा समोर मिठागरं होती आणि मागे भातशेती. मग शहर आलं. जमीन गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डरने इमारत उभी केली आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. गावातल्या अर्ध्या लोकांनी जाळी माळ्यावर टाकली. काकाने बारा वर्षं एका मॉलच्या गेटवर सिक्युरिटीची नोकरी केली. लोकांच्या पिशव्या तपासायचा. मॉलच्या जागी पूर्वी त्याच्या मामाचं मिठागर होतं, पण हे त्याने तिथे कुणालाही सांगितलं नाही. सांगून काय मिळणार होतं, एखादं कूपन? मग फ्लेमिंगो बघायला लोक यायला लागले. काकाने गणवेश परत केला, इंजिन बसवलेली होडी घेतली आणि पुन्हा पाण्यात उतरला. मी त्याला इतका खुशीत आधी कधी पाहिलं नव्हतं.

ही गोष्ट त्या खुशीची नाही.

गेल्या वर्षी सीझनच्या मध्यावर त्याने एक नवीनच सुरू केलं. पुलाच्या अलीकडे खाडी जिथे वळते, तिथे इंजिन बंद करायचं आणि नुसतं बसून राहायचं. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. लोकांना वाटायचं, पक्षी दाखवतोय. पक्षी असायचे दुसऱ्याच बाजूला. हा तिवरांकडे कान करून बसलेला. कुणी काही विचारलं तर तोंडावर बोट ठेवायचा. डोक्यावरून विमान गेलं तर ते दिसेनासं होईपर्यंत वैतागून त्याच्याकडे बघत राहायचा. एका बाईने आमच्या पेजवर लिहिलं, ‘बोटवाले काका विनाकारण थांबतात, मुलं घाबरली.’ वर एकच स्टार. मी चिडले. सातआठ वर्षांत कष्टाने नाव कमावलं आणि हा माणूस ते पाण्यात घालायला निघालेला. मी त्याला ते वाचून दाखवलं.

‘लिव दे,’ काका म्हणाला.

‘लिहू दे काय? थांबतोस कशाला तिथे?’

‘इंजिन तापतो.’

इंजिन तापत नव्हतं. मेकॅनिकला मी स्वतः विचारलं होतं. पण म्हातारपणाची लहर म्हणून मी सोडून दिलं, आणि आता वाटतं की तेव्हाच खोदून विचारायला हवं होतं.

त्याने हे थांबणं सुरू केलं त्याच्या दोन आठवडे आधी भगवानकाका गेला होता.

भगवानकाका म्हणजे काकाचा लहानपणापासूनचा जोडीदार. राहायला आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात. आवाज असा की या काठावरून बोलला तर खाडीपलीकडे उलव्याला ऐकू जावा. त्याची बायको सरस्वतीकाकू जेट्टीवर मासळी विकते. पण तिचं नाव सरस्वती आहे हे गावात कितीजणांना माहीत असेल, शंकाच आहे. भगवानकाका तिला ‘दिपेशची आय’ म्हणायचा, म्हणून सगळे तेच म्हणायचे. त्या पिढीत बायकोचं नाव कुणीच घेत नसे, पण ह्याने तर कमाल केली होती. रेशनकार्डाच्या खिडकीवर कारकुनाने बायकोचं नाव विचारलं, तर ह्याने काकाला कोपराने ढोसलं आणि म्हणाला, ‘तू सांग.’ दिपेशच्या हळदीत बायकांनी उखाणा घ्यायला धरलं, तर हा माणूस पोराची हळद टाकून बाहेर जाऊन उभा राहिला. आम्ही त्याची केवढी चेष्टा केली होती. काकूसुद्धा पदर तोंडाला लावून हसली होती.

त्या जानेवारीत सकाळी असं धुकं पडलं होतं की जेट्टीवर उभं राहिलं तर बांधलेली होडी दिसत नव्हती. भगवानकाका पहाटेच एकटा ओहोटीच्या चिखलात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला गेला. साडेसहाला काका खारघरच्या कॉलेजातल्या सहा मुलामुलींना घेऊन निघाला. नऊला तो परत आला. भगवानकाका दुपारीही आला नाही. मग माणसं शोधायला गेली. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर तो तिवरांच्या कडेला सापडला, कमरेपर्यंत चिखलात रुतलेला. भरती त्याच्यावरून येऊन गेली होती.

काकूला सगळ्यांनी सांगितलं, अटॅक आला, त्याला कळलंसुद्धा नसेल. मीही तेच सांगितलं. काकूने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘अटॅक आयलेला मानूस चिखलान उभा ऱ्हत नाय.’

त्यानंतर ती काकाला विचारायला लागली. रडून नाही, भांडून नाही. टोपली घेऊन जेट्टीवर बसलेली असायची, काका होडी लावून वर आला की विचारायची, ‘भावजी, त्या दिशी तुमी खाडीन होतव. काय ऐकलाव?’

‘नाय वैनी. धुका होता,’ काका सांगायचा.

चार दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा तेच उत्तर. मी एकदा तिला म्हटलं, काकू, कशाला स्वतःला त्रास करून घेतेस? ती म्हणाली, ‘मानूस जाताना कायतरी बोलतो गो. कुनाला पानी मागतो, कुनाला शिव्या देतो. मना त्येचा शेवटचा सबूद पायजे. चाळीस वर्सा संसार केला, तेवरा तरी माझा हाय का नाय?’

आता खाडीचा एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे पाण्यावर किंवा चिखलात असताना न दिसणाऱ्या माणसाच्या हाकेला लगेच ओ द्यायची नाही. खाडीत गिऱ्हा असतो. पाण्यातलं भूतच म्हणा. तो तुमच्या ओळखीच्या माणसाचा आवाज घेतो आणि तुम्हाला नावाने हाक मारतो. पण दोनदाच. तिसऱ्यांदा त्याला मारता येत नाही. खरा माणूस असेल तर तिसऱ्यांदा तुमचं नाव घेतोच, तेव्हा ओ द्यायची. तोवर गप्प. आधी ओ दिलीत तर आवाजामागे जाल आणि चिखलात जाल. मी बी.कॉम. झाले, दहा वर्षं नोकरी केली, लोकांसमोर या गोष्टीला हसते. आणि तरी जेट्टीवर मागून कुणी हाक मारली की माझी जीभ दोन हाका टाळ्याला चिकटून राहते.

ऑगस्टमध्ये होडी वर ओढलेली असते. धंदा बंद. त्या दिवसांत मी पेजवरचे जुने फोटो-व्हिडिओ चाळत बसले होते. त्यात एक व्हिडिओ त्या जानेवारीतलाच होता. खारघरच्या त्या ग्रुपमधल्या सई नावाच्या मुलीने त्याच सकाळी पाठवलेला. फ्लेमिंगो दिसतच नव्हते, नुसतं पांढरं धुकं आणि होडीचं टोक. पण दिसायला छान, म्हणून मी तो आवाज न ऐकताच वर टाकला होता. सातशे लाइक होते. त्या दिवशी पहिल्यांदाच मी कानात इअरफोन घालून तो लावला.

पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. मुलं हळू आवाजात हसतायत. मग धुक्यातून लांबवलेली हाक. ‘धर्माऽऽ’

काकाचा हात वर झालेला दिसतो. सई विचारते, ‘अंकल, तुम्हाला कुणी बोलावतंय का?’ काका म्हणतो, ‘गप ऱ्हावा.’

पुन्हा, ‘धर्माऽऽ’

मग कितीतरी वेळ काहीच नाही. मी मोजले, एकोणीस सेकंद. काकाचा हात तसाच वर. आणि मग तिसरी हाक येते. ‘सरूऽऽ’

काका वळतो, इंजिनला हिसका देतो, होडी गर्रकन फिरते आणि व्हिडिओ संपतो. वळताना त्याचा चेहरा पाऊण सेकंद दिसतो. तो चेहरा देवाने मला पुन्हा दाखवू नये.

आवाज भगवानकाकाचा आहे हे मला पहिल्याच हाकेला कळलं होतं. सरू कोण हे कळायला मात्र वेळ लागला. कळलं तेव्हा मी उठून दाराची कडी लावली, कारण समोरच्या दारात काकू तांदूळ निवडत बसली होती. त्या दिवसापासून माझं घर माझं राहिलं नाही. कुकरची शिट्टी संपता संपता मला ‘सरू’ ऐकू यायचं. लिफ्टचं दार लागताना, पंखा बंद करताना, नळाला हवा आली की. मी भुताखेतांना मानत नाही. पण हे कानाला कोण समजावणार? सातशे लोकांनी त्या हाकेला अंगठा दाखवला होता आणि वर मीच लिहिलं होतं, ‘धुक्यातली जादू अनुभवायला नक्की या.’

दुसऱ्या दिवशी मी होडीपाशी गेले. काका बुडाला तेल लावत होता. मी काही न बोलता त्याच्या कानात इअरफोन घातला. तो ऐकताना हलला नाही. संपल्यावर इअरफोन काढून पुसून माझ्या हातात दिला.

‘पयल्या हाकेला वळखला मी,’ तो म्हणाला. ‘भगवानच. पन तो पन आवाज वळखीचाच घेतो ना? म्हनून थांबलू. दुसरी आयली. थांबलू. तिसरी माझ्या नावाची आयली असती ना सुचे, तर पोरांसकट होरी चिखलान घातली असती. देवाशपथ घातली असती.’

‘मग?’

‘सरू बोलला. आता भगवान सरू बोलंल? तूच सांग. उभ्या जन्मान बोलला? मी समजलू, यो भगवान नाय. त्याचा आवाज घेतलाय आन नाव चुकलाय. अंगावर काटा आयला. पोरा होती होरीन. पलालू.’

‘किती लांब होता तो?’

‘दोनशे हात. कमीच.’

मला त्याचा राग यायला हवा होता. मला रडू आलं. कारण मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. ज्याने आयुष्यभर बायकोचं नाव घेतलं नाही, त्याने ते घेतलं आणि नेमकं म्हणूनच तो माणूस आहे यावर कुणाचा विश्वास बसला नाही. बुडणारा माणूस कोणाचं नाव घेईल आणि कोणाचं नाही, याचा नियम आमच्या वाडवडिलांनी सांगून ठेवला नव्हता.

‘काकूला का नाही सांगितलंस?’ मी विचारलं.

‘काय सांगू? तुझा नवरा तुना नावानं बलावत व्हता आन मी पलालू?’ मग म्हणाला, ‘ता काढून टाक.’

आणि मी काढून टाकला. पेजवरून, फोनमधून, सगळीकडून. सईला मेसेज केला, तर तिचा जुना फोन बिघडला होता आणि त्यातलं सगळं गेलं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, मी स्वतःला म्हटलं, म्हातारीला आता कशाला. माझा हात कुणी धरला नव्हता. मीच केलं हे. काकू ज्या एका शब्दासाठी जीव टाकत होती, तो माझ्या फोनमध्ये होता आणि मी तो कचऱ्यासारखा पुसला.

डिसेंबरात होडी पुन्हा पाण्यात गेली. काका वळणावर थांबतच होता. मी त्याला काही म्हणणं सोडलं होतं. एका रविवारी, स्वच्छ ऊन पडलेलं, दहाच्या सुमारास होडी परत आली आणि मी जेट्टीवर पुढच्या लोकांना जॅकेटं देत होते. बाजूला काकू बोईट मासे साफ करत बसली होती. येणाऱ्यांत एक मुलगी होती, जीन्स, पाठीला कॅमेऱ्याची बॅग. बुकिंग दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने होतं, म्हणून मला आधी कळलं नाही. ती सई होती.

‘अंकल, ओळखलंत?’ ती काकाला म्हणाली. ‘जानेवारीत धुक्यात आलो होतो ना आम्ही? तो माणूस नंतर भेटला का तुम्हाला? तो नाही का, सरू सरू करून बोलावत होता?’

काकूच्या हातातली कोयती थांबली.

मला वाटलं, हिने ऐकलं नसेल. माणसाला वाटतंच असं. काकू उठली, हात पदराला पुसले आणि सईसमोर जाऊन उभी राहिली. ‘काय बोलला तो? परत सांग.’

सई गोंधळली, पण तिने सांगितलं. आधी धर्मा, दोनदा. मग सरू. तिने व्हिडिओ पाठवला होता हेही सांगितलं.

काकूने माझ्याकडे पाहिलं. ‘दाखव.’

‘काढून टाकला, काकू.’

‘कोनी?’

‘मी.’

तिने मला तिथेच चार माणसांत थोबाडीत मारली असती तर मला बरं वाटलं असतं. ती काकाकडे वळली. काका होडीतून वर आला, डोक्यावरची टोपी काढली आणि त्याने सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, एकही शब्द न गाळता. दोनशे हात, तेही सांगितलं. पळालो, तेही सांगितलं. बुकिंग केलेले लोक जॅकेटं अंगावर घालून ऐकत उभे होते.

काकू जेट्टीच्या पायरीवर बसली. म्हणाली, ‘नाव घेतला? माझा?’

‘व्हय वैनी.’

‘नुसता नाव?’

‘नुसता नाव.’

ती पाण्याकडे बघत राहिली. ‘मना तर म्हाइतच नव्हता,’ ती म्हणाली, ‘का त्यान मनान मना काय नाव ठेवलाय. सरू.’ तिने ते नाव दुसऱ्या कुणाचं तरी असावं तसं उच्चारलं. मग तिने मान वर केली. ‘कसा बोलला?’

‘बलवतात तसा.’

‘तसा म्हंजे कसा? हाक मारून दाखव.’

‘वैनी, तुझा नाव मी कसा घेऊ?’

‘तू नाय घ्यायचा. त्यान घेतलेला सांगायचा.’ इतकी वर्षं ती काकाला अहो-जाहो करायची. आज एकेरीवर आली होती. ‘ती माझी हाक होती, धर्मा. माझ्या नावाची. तू वरीसभर ठेवून घेतलीस आन हिनं पुसून टाकली. आता ती तुझ्याकरंच हाय. दे मना.’

काका जेट्टीच्या टोकाला गेला. खाडीकडे तोंड केलं, तोंडाभोवती दोन्ही हात धरले. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. तो खांदे पाडून तसाच उभा राहिला. मला ओरडून सांगावंसं वाटलं की पुरे कर, काकू, मरेल तो. पण कुठल्या तोंडाने सांगणार होते?

मग त्याने हाक मारली. ‘सरूऽऽ’

तो काकाचा आवाज नव्हता. होडी पाण्यात असेल तेव्हा रोज त्या वळणावर इंजिन बंद करून त्याने जो आवाज शोधला होता, तो जसाच्या तसा त्याच्या गळ्यातून बाहेर आला. जेट्टीवर मासळी विकणाऱ्या बायकांनी टोपल्या सोडून वळून पाहिलं. त्यांनीही तो ओळखला, आणि कुणीही तोंड उघडलं नाही. पुलाकडून लांबटांग्यांचा एक थवा उठला. सई रडायला लागली होती.

सरस्वतीकाकूने दुसऱ्या हाकेची वाट पाहिली नाही. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली.

‘ओ,’ ती म्हणाली, घरातल्या घरात बोलावं तशा साध्या आवाजात. ‘आयले.’